बोअर युद्ध आणि आफ्रिकानर राष्ट्राची घडण

दक्षिण आफ्रिकेत 11 ऑक्टोबर 1899 ते 31 मे 1902 या काळात एका बाजूला ब्रिटिश साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट ही बोअरांची दोन छोटी प्रजासत्ताके यांच्यात जे युद्ध झाले, त्याची ओळख मराठी वाचकाला बहुधा गांधीजींच्या शुश्रूषा पथकापुरती असते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या इतिहासात या युद्धाचे स्थान बरेच मोठे आहे. कारण ‘आफ्रिकानर’ ही राष्ट्रीय ओळख त्याच्या राखेतून आकाराला आली आणि त्याच ओळखीच्या बळावर पुढच्या अर्धशतकात एका अल्पसंख्य समाजाने सत्ता हाती घेऊन वर्णभेदाची राज्यव्यवस्था उभी केली. परक्या शत्रूशी लढताना समाजातील भेद गळून पडतात आणि त्या ऐक्यातून राष्ट्र जन्माला येते, असा एक सर्वमान्य समज आहे. बोअरांच्या बाबतीत मात्र युद्धाने समाज फोडला, सख्ख्या भावांना परस्परांविरुद्ध उभे केले, आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षे कवी, धर्मोपदेशक, संपादक, शिक्षक व राजकारणी यांनी काही गोष्टी निवडून आठवत आणि काही निवडून विसरत तो पुन्हा सांधला. राष्ट्र घडले ते या दुसऱ्या टप्प्यात, आणि म्हणून या विस्मरणाचा हिशेबही स्मरणाइतक्याच काटेकोरपणे मांडावा लागतो.

युद्धापूर्वी ‘आफ्रिकानर राष्ट्र’ म्हणावे असे काही सलग अस्तित्वात नव्हते. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केपच्या भूशिराशी ठाणे वसवल्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या डच, जर्मन व फ्रेंच कुटुंबांचे वंशज म्हणजे बोअर, अर्थात शेतकरी. ब्रिटिशांनी 1806 मध्ये केप कायमचे ताब्यात घेतले. पुढे इंग्रजी राजवटीचा जाच, सरहद्दीवरची असुरक्षितता आणि गुलामगिरी संपुष्टात आल्याचा राग अशा अनेक कारणांनी 1835 पासून हजारो बोअर कुटुंबे बैलगाड्यांतून उत्तरेकडे निघून गेली. ‘ग्रेट ट्रेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थलांतरातून वर उल्लेखलेली दोन प्रजासत्ताके उभी राहिली. मागे राहिलेल्या केपच्या डचभाषकांनी ब्रिटिश राणीशी निष्ठा राखून संसदीय राजकारण केले. ट्रान्सवालचा पशुपालक, फ्री स्टेटचा सुस्थित शेतकरी आणि केपचा द्राक्षबागायतदार यांना जोडणारे धागे होते ते धर्माचे, नातेगोत्याचे आणि बोलीचे. त्यांना राजकीय रूप देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले खरे, पण त्यांचा पसारा मर्यादित राहिला.

ट्रान्सवालमधील विटवॉटर्सरँड येथे 1886 मध्ये सोन्याच्या खाणी सापडल्या आणि सगळे चित्र पालटले. जोहान्सबर्गमध्ये परदेशी, मुख्यतः ब्रिटिश, लोकांची गर्दी झाली, त्यांच्या मताधिकाराचा प्रश्न पुढे करून लंडनने राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर यांच्यावर दबाव वाढवला, आणि केपचे उच्चायुक्त आल्फ्रेड मिल्नर यांनी तडजोडीच्या वाटा एकेक करून बंद केल्या. अखेर युद्ध पेटले. पहिल्या काही महिन्यांत बोअरांनी ब्रिटिश फौजांना लाजिरवाणे पराभव पत्करायला लावले. नाताळ वसाहतीतील भारतीयांनी उभारलेल्या शुश्रूषा पथकातील सुमारे 1,100 जण जखमींच्या डोल्या वाहत होते ते याच काळात. मनाने आपण बोअरांच्या बाजूचे होतो, मात्र साम्राज्याचे प्रजाजन म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही केले पाहिजे अशी आपली तेव्हाची धारणा होती, असे गांधीजींनी नंतर लिहून ठेवले आहे.

जून 1900 मध्ये प्रिटोरिया पडले आणि युद्ध संपल्यात जमा आहे, असे ब्रिटिशांनी मानले. पण ख्रिस्तियान डी वेट, कूस दे ला रे, लुई बोथा, यान स्मट्स यांसारख्या सेनानींनी गनिमी काव्याचा आश्रय घेतला. घोडेस्वारांच्या छोट्या तुकड्या, ज्यांना बोअर ‘कमांडो’ म्हणत, रेल्वेचे रूळ उखडत, रसद लुटत आणि वैराण माळरानात दिसेनाशा होत. त्यांना दाणापाणी मिळे ते शेतावरील घरांतून, आणि म्हणून ती घरेच नष्ट करण्याचे दग्धभू धोरण ब्रिटिशांनी अवलंबिले. सुमारे 30 हजार घरे जाळली गेली, धान्य नष्ट केले गेले, मेंढ्या कळपांनी मारल्या गेल्या. सरसेनापती किचनेर यांनी काटेरी तारांच्या कुंपणाने जोडलेल्या सुमारे 8 हजार चौक्यांचे जाळे देशभर विणले. बेघर झालेल्या बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना रेल्वेमार्गालगतच्या तंबूंच्या वसाहतींत आणून ठेवले. याच त्या कॉन्सन्ट्रेशन कॅम्प, म्हणजेच मराठीत रूढ झालेल्या शब्दात छळछावण्या. नाझी जर्मनीतील छावण्यांप्रमाणे सामूहिक हत्या हा त्यांचा हेतू नव्हता, हे नोंदवणे न्यायाचे आहे. पण बेपर्वाईनेही माणसे मरतात, आणि येथे ती प्रचंड संख्येने मेली.

एमिली हॉबहाउस ही इंग्रज समाजसेविका जानेवारी 1901 मध्ये ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोहोचली, तेव्हा तिला दिसलेले दृश्य तिच्या अहवालात तपशिलाने आले आहे. एकेका छोट्या तंबूत दहा-बारा माणसे कोंबलेली होती, उन्हात आत श्वास घेववत नव्हता, पावसात पाणी थेट अंथरुणाखाली शिरत होते. नदीचे दूषित पाणी उकळून प्यायचे तर जळण आणि भांडी अपुरी होती. शिध्याच्या यादीत साबण नव्हता, आणि तिने तो मागितला तेव्हा साबण ही चैनीची वस्तू असल्याचे उत्तर तिला मिळाले. ज्यांचे पुरुष अजून रणांगणावर होते त्या कुटुंबांना सुरुवातीला इतरांपेक्षा कमी शिधा दिला जाई. गोवर, न्यूमोनिया, हगवण आणि विषमज्वर यांनी अशक्त मुलांना गाठले. ऑक्टोबर 1901 मध्ये या छावण्यांतील मृत्यूचे प्रमाण वर्षाला दर हजारी 344 इतके चढले होते. ब्रिटनमध्ये गदारोळ झाला, मिलिसंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील महिला आयोगाने त्रुटींवर बोट ठेवले, कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला आणि मग हे प्रमाण झपाट्याने खाली आले. यातील बहुसंख्य मृत्यू टाळता आले असते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. युद्धानंतरच्या अधिकृत गणनेनुसार गोऱ्यांच्या छावण्यांत 27,927 माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी 22,074 सोळा वर्षांखालील मुले होती. दोन्ही प्रजासत्ताकांतील बोअर लोकसंख्येचा हा जवळजवळ दहावा हिस्सा होता.

या आघाताने बोअर समाज एकवटला असता तर नवल नव्हते. पण तो त्या वेळी दुभंगला. घर जळाल्यावर, मुले छावणीत मरत असल्याचे कळल्यावर अनेकांनी शस्त्रे खाली ठेवली. अशांना ‘हेन्सऑपर’, म्हणजे हात वर करणारे, असे हिणवले जाई. त्याहून पुढे जाऊन ब्रिटिशांच्या बाजूने बंदूक उचलणारे ‘जॉइनर’ होते. युद्धाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारे 5,400 होती, तर शेवटपर्यंत लढणारे ‘बिटरआइंडर’ साधारण 20 हजार उरले होते. म्हणजे हाती शस्त्र असलेल्या दर पाच बोअरांपैकी एक आपल्याच लोकांविरुद्ध उभा होता. सेनानी ख्रिस्तियान डी वेट यांचा सख्खा भाऊ पीट डी वेट ब्रिटिशांना जाऊन मिळाला होता. जॉइनरांमध्ये भूमिहीन कुळांचा भरणा मोठा होता. स्वतःची जमीन नसलेल्या माणसाला जमीनदारांच्या प्रजासत्ताकासाठी किती काळ लढावेसे वाटणार, हा प्रश्न राष्ट्रवादी इतिहासाने बराच काळ विचारलाच नाही. आल्बर्ट ग्रुंडलिंग या आफ्रिकानर इतिहासकाराने 1979 मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत हे प्रकरण जवळजवळ झाकलेलेच होते.

युद्धकैद्यांचा अनुभव काहीसा निराळा होता. सुमारे 25 हजार बोअर कैद्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि भारत येथे धाडण्यात आले. भारतातील छावण्यांत अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, छावणीही होती. निरनिराळ्या प्रांतांतले शेतकरी अशा छावण्यांत महिनोन्‌महिने एकत्र राहिले, प्रार्थना आणि वर्ग चालवत राहिले, लाकडात कोरीवकाम करत राहिले. तह झाल्यावरही ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला काहींनी इतका कडवा नकार दिला, की त्यांची समजूत घालण्यासाठी 1903 मध्ये स्वतः सेनापती दे ला रे यांना भारतात व सिलोनमध्ये यावे लागले.

व्हेरीनिगिंग येथे मे 1902 मध्ये जमलेल्या 60 बोअर प्रतिनिधींनी 54 विरुद्ध 6 मतांनी शरणागती स्वीकारली. ब्रिटिशांनी पुनर्वसनासाठी 30 लाख पौंड देऊ केले आणि पुढे स्वराज्याचे आश्वासन दिले. तहाच्या आठव्या कलमात असे ठरले, की कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा विचार स्वराज्य मिळाल्यानंतरच केला जाईल. म्हणजे त्याचा निर्णय गोऱ्यांच्याच हाती राहील. पराभूतांना राज्य गमवावे लागले, तरी वर्चस्वाची किल्ली त्यांच्या खिशात राहिली. पुढच्या इतिहासाचा फार मोठा भाग या एका कलमात दडलेला आहे.

विजयानंतर मिल्नर यांनी शाळांमधून इंग्रजीकरणाचा धडाका लावला. बोअर मुले इंग्रजीतून शिकली की एक-दोन पिढ्यांत बोअरपणच विरून जाईल, हा त्यांचा हिशेब साफ चुकला. पालकांनी व चर्चने वर्गण्या काढून स्वतःच्या खाजगी शाळा उघडल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या बोलीला सुशिक्षित बोअर स्वतःच ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून कमी लेखत आणि लिहिताना, प्रार्थना करताना प्रमाण डच वापरत, त्या आफ्रिकान्सकडे आता अभिमानाने पाहिले जाऊ लागले. यूजीन मारे यांची ‘विंटरनाख्ट’ ही कविता 1905 मध्ये प्रसिद्ध झाली आणि या भाषेत अस्सल काव्य होऊ शकते याची खात्री वाचकांना पटली. टोशियस, सेल्यर्स आणि लायपोल्ट हे कवी तिच्या मागोमाग आले, आणि त्यांच्या कवितेत जळालेले घर, छावणीतले मूल, परतून आलेला सैनिक पुन्हा पुन्हा येत राहिले. 1914 पासून आफ्रिकान्सला शाळांत प्रवेश मिळाला, 1925 मध्ये ती राजभाषा झाली आणि 1933 मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल छापले गेले. केवळ तीन दशकांत एका बोलीने एवढी मजल मारावी, ही भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणालाही थक्क करणारी गोष्ट आहे.

स्मरणाला दगडाचे रूप मिळाले ते ब्लूमफाँटेन येथे. फ्री स्टेटचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिनस स्टाइन यांच्या पुढाकाराने वर्गणीतून उभारलेले राष्ट्रीय महिला स्मारक 16 डिसेंबर 1913 रोजी खुले झाले. उंच शिलास्तंभाच्या पायथ्याशी आंटोन फान वाउ या शिल्पकाराने घडवलेल्या दोन स्त्रिया आहेत. एकीच्या मांडीवर निष्प्राण मूल आहे, दुसरी उभी राहून दूरवर पाहते आहे. स्प्रिंगफाँटेन येथे पाहिलेल्या एका आईचे वर्णन हॉबहाउसने शिल्पकाराला सांगितले होते, त्यावरून ही कल्पना सुचली. स्मारक केवळ स्त्रिया आणि मुलांचे होते, आणि या निवडीमागे राजकीय सूज्ञपणा होता असे मानायला जागा आहे. रणात पडलेल्या पुरुषांचे स्मारक उभारले असते तर कोण लढला आणि कोण फुटला, हा प्रश्न प्रत्येक गावात उठला असता. मेलेले मूल मात्र बिटरआइंडरचेही होते आणि हेन्सऑपरचेही. शोकाला गट नव्हते. दिवसही असाच विचारपूर्वक निवडलेला होता. 16 डिसेंबर 1838 रोजी स्थलांतरित बोअरांनी झुलू सैन्याचा ब्लड रिव्हर येथे पराभव केला होता, आणि त्या विजयदिनी छावण्यांचे स्मारक उघडल्याने दोन वेगळ्या पिढ्यांचे अनुभव एका पवित्र कथेत गुंफले गेले. या कथेत स्त्रीला निमूट सोसणारी माता करून टाकले गेले. छावण्यांतील कित्येक स्त्रिया आपल्या पुरुषांनी शरण जाऊ नये म्हणून हट्ट धरत होत्या आणि तहाच्या बातमीने संतापल्या होत्या, हे सत्य मागे पडले.

अनावरणासाठी निघालेली हॉबहाउस आजारपणामुळे वाटेतूनच परतली आणि तिचे भाषण समारंभात वाचून दाखवण्यात आले. स्वतः मिळवू पाहता ते स्वातंत्र्य इतरांना नाकारू नका, असा त्याचा गाभा होता, आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या छावण्यांतील मृतांचीही आठवण होती. नंतरच्या काळात भाषण पुन्हा छापताना हा भाग गाळला गेला. याच बाईने काही आठवड्यांनी, 1914 च्या सुरुवातीला, भारतीयांच्या हक्कांबाबत गांधीजी आणि स्मट्स यांच्यात चाललेल्या वाटाघाटींना हातभार लावला. तिच्या अस्थी आज त्या स्मारकाच्या पायथ्याशी आहेत.

राष्ट्रवादाला संघटनेचे बळ मिळाले ते आणखी एका पराभवातून. 31 मे 1910 रोजी, म्हणजे तहाच्या बरोबर आठव्या वर्धापनदिनी, केप, नाताळ आणि ही दोन माजी प्रजासत्ताके अशा चारही वसाहतींचे ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ झाले. बोथा पंतप्रधान झाले, आणि बोअर व इंग्रज यांनी जुने वैर विसरावे असा त्यांचा व स्मट्स यांचा आग्रह होता. तो न मानणारे आणखी एक माजी बोअर सेनानी हर्टझोग यांनी 1914 मध्ये नॅशनल पार्टी स्थापन केली. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने उतरण्याच्या निर्णयाविरुद्ध डी वेट प्रभृतींनी बंड केले आणि बोथांनी ते मोडून काढले. बंडखोरांचे दंड भरण्यासाठी ‘हेल्पमेकार’, म्हणजे ‘एकमेका साहाय्य करू’, ही चळवळ उभी राहिली, आणि तिच्यात इतका पैसा जमला की दंड भागवूनही शिल्लक राहिला. याच सुमारास केपमध्ये एक प्रकाशनसंस्था आणि ‘दे बर्गर’ हे वृत्तपत्र निघाले, ज्याचे पहिले संपादक डी. एफ. मलान होते, आणि 1918 मध्ये सानलाम ही विमा कंपनी उभी राहिली. दंडाच्या वर्गणीतून भांडवल एकत्र करण्याची सवय लागलेल्या समाजाने पुढे बँकाही काढल्या. दुःखाची आठवण टिकून राहिली ती केवळ कवितेमुळे नव्हे; तिच्यामागे छापखाना, विमा आणि बँक उभी होती.

या सगळ्या कथेत ज्यांना जागाच मिळाली नाही, त्यांची संख्या लहान नव्हती. ‘गोऱ्यांचे युद्ध’ असे म्हणत दोन्ही बाजूंनी लाखभर कृष्णवर्णीयांना गाडीवान, हेर, मजूर, घोड्यांचे चाकर म्हणून राबवले आणि हजारोंच्या हाती ब्रिटिशांनी शस्त्रेही दिली. भारतातून गेलेल्या ब्रिटिश पलटणींबरोबर भिस्ती, मोतद्दार आणि डोलीवाले गेले, पण भारतीय शिपायांना लढण्यासाठी नेले नाही, तेही याच धोरणापायी. सुमारे 1 लाख 15 हजार कृष्णवर्णीय वेगळ्या छावण्यांत होते, ज्यांची अवस्था गोऱ्यांच्या छावण्यांहून वाईट होती. तेथील नोंदलेले मृत्यू 14 हजारांवर आहेत, आणि नोंदी अपुऱ्या असल्याने खरी संख्या 20 हजारांच्या घरात असावी असे अभ्यासक मानतात. वेढ्यात सापडलेल्या माफेकिंगमध्ये न्यायालयीन दुभाषाचे काम करणाऱ्या सॉल प्लाकी यांनी ठेवलेली दैनंदिनी 1973 मध्ये छापली गेली, तेव्हा एका कृष्णवर्णीय सुशिक्षिताने या युद्धात काय पाहिले हे प्रथम जगापुढे आले. युद्धाने त्यांच्या समाजालाही नवे भान दिले होते. आठव्या कलमातील दगा आणि 1910 च्या राज्यघटनेतील वगळणूक अनुभवल्यावर जानेवारी 1912 मध्ये ब्लूमफाँटेन येथेच साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस स्थापन झाली. प्लाकी तिचे पहिले चिटणीस होते. पुढे तीच आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. एकाच युद्धाच्या पोटी, एकाच गावात, दोन वर्षांच्या अंतराने दोन राष्ट्रवाद पक्षरूपाने उभे राहिले. आफ्रिकानर राष्ट्रवादाचा अभ्यास करताना दुसऱ्याकडे पाठ फिरवणे म्हणजे अर्धाच इतिहास वाचणे होय.

1930 च्या दशकात शहरांकडे लोटलेल्या गरीब गोऱ्यांचा प्रश्न तीव्र झाला, तेव्हा हे स्मरण पुन्हा कामी आले. ग्रेट ट्रेकच्या शताब्दीनिमित्त 1938 मध्ये केपहून बैलगाड्या निघाल्या. वाटेत गावोगावी लोक जुन्या वेशात जमले, रस्त्यांना ट्रेकच्या नेत्यांची नावे दिली गेली, आणि छावण्यांत आई गमावलेली माणसे नातवंडांना घेऊन त्या गाड्यांच्या दर्शनाला आली. दहा वर्षांनी मलान यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. ब्रिटिशांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाची जाणीव इतकी सखोल असूनही आपण इतरांवर करत असलेला अन्याय या राज्यकर्त्यांना दिसला नाही. उलट, पुन्हा कधी आपला निर्वंश होऊ नये ही भीतीच त्या अन्यायाचे समर्थन बनली.

याचा सर्वांत विदारक दाखला भाषेच्याच क्षेत्रात सापडतो. मिल्नर यांच्या शाळांत लादलेल्या परभाषेच्या संतापातून आफ्रिकान्स उभी राहिली होती. त्याच आफ्रिकान्समधून निम्मे विषय शिकण्याची सक्ती 1970 च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांवर झाली, आणि 16 जून 1976 रोजी सोवेटोच्या विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध मोर्चा काढला तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आफ्रिकान्सचा खरा उगम मात्र कोणा एका वंशाच्या मालकीचा नव्हता. केपमधील स्थानिक खोईखोई लोक आणि मलबार, बंगाल, इंडोनेशिया येथून आणलेले गुलाम यांच्या तोंडी ती घडली होती, आणि तिच्यातील अगदी सुरुवातीच्या लेखनापैकी काही केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत केले होते. 1994 मध्ये वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर हा इतिहास उघडपणे बोलला जाऊ लागला आहे, कृष्णवर्णीयांच्या छावण्यांच्या दफनभूमी शोधून त्यांच्यावर खुणा उभारल्या जात आहेत, आणि आफ्रिकान्स मातृभाषा असणाऱ्यांत आज गोऱ्यांपेक्षा इतरांचीच संख्या अधिक आहे.